मेंदूचे रंगीत चित्र : प्रत्यक्ष की अनुमान?

औषधनिर्मात्यांकडून येणाऱ्या माहितीपत्रकांत एक चित्र आता वारंवार आढळू लागले आहे. मेंदूची करड्या रंगाची छेदप्रतिमा, तीवर तांबडा-पिवळा ठिपका आणि खाली 'औषधसेवनापूर्वी' व 'औषधसेवनानंतर' अशी दोन शीर्षके. पहिल्या प्रतिमेत ठिपका अस्पष्ट, दुसरीत ठळक. मेध्य द्रव्याचा परिणाम यंत्राने डोळ्यांना दाखवून दिला, असा त्याचा आशय. रुग्णही अशी चित्रे मोबाइलवर घेऊन चिकित्सालयात येतात आणि हे खरे का, असे विचारतात. वैद्याने काय उत्तर द्यावे आणि औषधविक्रेत्याने ते पत्रक काउंटरवर ठेवावे की नाही, हा केवळ कुतूहलाचा प्रश्न नाही. अशा चित्रावर विसंबून रुग्ण महिनोन्‌महिने पैसे खर्च करतो आणि क्वचित अपस्मारासारख्या व्याधीचे चालू उपचारही थांबवतो. यास्तव तो ठिपका कसा निर्माण होतो, याचे विवेचन प्रस्तुत लेखात करण्याचे आम्ही योजिले आहे.

चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील अकराव्या अध्यायात आप्तोपदेश, प्रत्यक्ष, अनुमान व युक्ती अशी चतुर्विध परीक्षा सांगितली आहे. मेंदूवरील तो रंगीत ठिपका प्रत्यक्षाच्या कोटीत मोडत नाही. तो अनुमानाच्या कोटीतील आहे, हे आमचे मुख्य प्रतिपादन होय. अनुमान त्याज्य नसते. मात्र अनुमानाची किंमत त्याच्या हेतूवर ठरते, आणि येथे हेतू म्हणजे गोंगाटातून संकेत गाळून काढण्याची गणिती रीत.

दोन प्रकारच्या प्रतिमा

प्रथम एक भेद स्पष्ट केला पाहिजे. कोल्हापूर, पुणे वा मुंबईहून रुग्ण जी एम.आर.आय.ची फिल्म घेऊन येतो, ती मेंदूच्या रचनेची प्रतिमा असते. तीत दिसणारी गाठ, पक्षाघातातील ताजी क्षती किंवा मेंदूचा संकोच यांबाबत पुढील शंका लागू होत नाहीत. या लेखाचा आधार घेऊन कोणी त्या अहवालाकडे दुर्लक्ष केल्यास तो रुग्णावर अन्याय होईल.

आमचा विषय आहे तो फंक्शनल एम.आर.आय., म्हणजे मेंदूच्या कार्याचा मागोवा घेणारी पद्धती. रुग्ण यंत्रात निजलेला असताना त्याला बोटे हलविण्यास, शब्द आठवण्यास वा चित्रे पाहण्यास सांगतात आणि दर दोन-तीन सेकंदांनी संपूर्ण मेंदूची एक स्थूल प्रतिमा घेतात. दहा मिनिटांत अशा दोन-तीनशे प्रतिमा जमतात. त्यांपैकी एकीतही तांबडा ठिपका नसतो. तो नंतर संगणकावर गणित करून वर चढविला जातो.

संकेताचे मूळ रक्तात

हे यंत्र मज्जापेशींचे कार्य थेट मोजत नाही. ते रक्तातील बदल मोजते. प्राणवायू सोडून दिलेल्या हिमोग्लोबिनचे चुंबकीय गुण प्राणवायुयुक्त हिमोग्लोबिनपेक्षा भिन्न असतात, हे पाउलिंग व कोरियेल यांनी १९३६ मध्ये दाखविले होते. सेइजी ओगावा यांनी १९९० मध्ये या भेदाचा उपयोग करून प्राण्यांच्या मेंदूतील रक्ताच्या स्थितीची प्रतिमा मिळविली, आणि १९९२ मध्ये मानवावरील पहिले प्रयोग प्रसिद्ध झाले. मेंदूचा एखादा भाग कार्यरत झाला की तेथे गरजेहून अधिक ताजे रक्त धावते, प्राणवायूविरहित हिमोग्लोबिनचे प्रमाण घटते आणि संकेत किंचित वाढतो.

'किंचित' हा शब्द येथे महत्त्वाचा आहे. नेहमीच्या यंत्रांवर ही वाढ बहुधा एक-दोन टक्क्यांची असते. शिवाय ती तत्क्षणी होत नाही. कार्य सुरू झाल्यावर पाच-सहा सेकंदांनी ती शिखरावर पोचते व मग हळूहळू ओसरते. प्रतिमेचा एकेक ठोकळा सुमारे तीन मिलिमीटर बाजूचा असतो आणि त्यात लक्षावधी मज्जापेशी सामावलेल्या असतात. म्हणजे लक्षावधी पेशींचे एकत्रित कार्य, तेही रक्ताच्या मध्यस्थीने आणि विलंबाने, आपल्यापर्यंत पोचते.

प्रत्यक्षातील अडथळे आणि यंत्रातील गोंगाट

विद्यमान वस्तूही कोणत्या कारणांनी दिसत नाही, याची आठ कारणे त्याच अध्यायात दिली आहेत. त्यांतील अतिनैकट्य व अतिदूरत्व सोडली, तर उरलेली सहाही कारणे या प्रतिमांना लावून पाहता येतात. आचार्यांना हे यंत्र ठाऊक होते असा याचा अर्थ नव्हे. निरीक्षणाच्या मर्यादा त्यांनी नेमक्या ओळखल्या होत्या, एवढाच अर्थ आम्ही घेतो.

आवरण म्हणजे येथे कवटी. तिच्यामुळेच अप्रत्यक्ष मार्ग पत्करावा लागतो. अतिसौक्ष्म्य म्हणजे वर सांगितलेली एक-दोन टक्क्यांची वाढ. करणदौर्बल्य म्हणजे उपकरणाची मर्यादा : ग्राहक वेटोळ्यात व रुग्णाच्या शरीरातच उष्णतेमुळे अखंड खरखर निर्माण होते, आणि यंत्र तापत जाते तसतशी मोजमापाची पातळी मिनिटागणिक सरकत जाते. मनाची अनवस्था मुळात पाहणाऱ्याच्या संदर्भात सांगितली आहे. येथे ज्याला पाहायचे त्याचेच मन सैरावैरा धावत असते. शब्द आठवण्यास सांगितलेला मनुष्य घरच्या काळजीत गुंततो आणि यंत्राला त्यातील भेद कळत नाही.

अभिभव म्हणजे प्रबळाने दुर्बळाला झाकणे. रुग्णाने डोके केवळ एक मिलिमीटर हलविले, तरी मेंदूच्या कडेवरील तीन मिलिमीटरच्या ठोकळ्यातील एक तृतीयांश ऐवज बदलतो. त्यामुळे होणारा फरक मूळ संकेताच्या कित्येक पट असतो. पावसाळ्यात भाट्याच्या किनाऱ्यावर समुद्राच्या गाजेत पलीकडच्या माणसाचे कुजबुजणे ऐकण्यासारखेच हे काम होय.

समानाभिहार, म्हणजे सारख्या वस्तूंत मिसळून जाणे, हा सर्वांत फसवा अडथळा. नाडीचे उदाहरण घेऊ. रुग्णाची नाडी मिनिटाला ६२ आहे आणि यंत्र दर दोन सेकंदांनी प्रतिमा घेत आहे, असे समजा. दोन प्रतिमांच्या मध्ये नाडीचे दोन ठोके पूर्ण होऊन एका ठोक्याचा पंधरावा भाग उरतो. प्रत्येक प्रतिमेगणिक हा शेष साठत जातो आणि पंधरा प्रतिमांनी, म्हणजे तीस सेकंदांनी, एक चक्र पूर्ण होते. परिणामी सेकंदाला एकदा उसळणारी नाडी प्रतिमांच्या मालिकेत तीस सेकंदांची संथ लाट म्हणून उमटते. आता प्रयोगात पंधरा सेकंद काम व पंधरा सेकंद विश्रांती असा क्रम असेल, तर कामाची लाटही तीस सेकंदांचीच. धमनीलगतचा एखादा ठोकळा केवळ नाडीमुळे 'स्मरणकार्यात सहभागी' ठरण्याचा धोका येथे उद्भवतो.

चाळण्यांचा क्रम

या गोंगाटातून संकेत काढण्याच्या रीतींची तुलना चूर्णनिर्मितीशी करता येईल. भरड चाळणीतून भुसा खाली येतो. अतिसूक्ष्म वस्त्रातून गाळावे तर औषधाचा अंशही वस्त्रातच अडकतो. येथेही प्रत्येक चाळणीचा लाभ आहे आणि किंमतही आहे.

पहिली चाळणी हालचालीची. प्रत्येक प्रतिमा तीन दिशांना सरकवून व तीन अक्षांभोवती फिरवून पहिल्या प्रतिमेवर नेमकी बसविली जाते. दुसरी चाळणी कालाची. यंत्राच्या तापण्यामुळे होणारे, दोन-दोन मिनिटांहून संथ चढउतार वजा केले जातात. तिसरी चाळणी शेजारच्या ठोकळ्यांची सरासरी घेण्याची. यामुळे खरखर कमी होते, पण बारीक तपशील पुसला जातो आणि ठिपका पसरट होतो. नाडी व श्वास यांची वेगळी नोंद ठेवून त्यांचा वाटा हिशेबाने वजा करण्याची रीतही २००० सालापासून प्रचारात आहे.

त्यानंतर येते प्रतिमान. काम केव्हा चालू होते व केव्हा बंद होते हे ठाऊक असते. त्यावरून, रक्ताचा विलंब गृहीत धरून, अपेक्षित वक्र आखला जातो आणि प्रत्येक ठोकळ्याचा प्रत्यक्ष वक्र त्याच्याशी किती जुळतो हे पाहिले जाते. तेच काम पुनःपुन्हा करविल्याने लाभ होतो, कारण यादृच्छिक गोंगाट आवर्तनांच्या वर्गमुळाच्या प्रमाणात घटतो. सोळा आवर्तनांनी तो एक चतुर्थांश होतो, शंभरांनी एक दशांश. एका माणसाची एकच प्रतिमा दाखविणारे पत्रक किती दुबळ्या पायावर उभे असते, हे यावरून ध्यानात येईल.

कोसंबींची देणगी

या क्षेत्रातील एका महत्त्वाच्या चाळणीचे मूळ आपल्या शेजारी आहे. गोव्यात १९०७ साली जन्मलेले दामोदर धर्मानंद कोसंबी मराठी वाचकांस इतिहासकार म्हणून परिचित आहेत. पेशाने ते गणिती होते. १९३३ पासून १९४५ पर्यंत त्यांनी पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात अध्यापन केले आणि पुढे मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत ते काम करू लागले. पुण्यात असतानाच, १९४३ मध्ये, भारतीय गणित परिषदेच्या नियतकालिकात त्यांचा एक निबंध प्रसिद्ध झाला. संख्यांच्या तक्त्यातील मुख्य घटक शोधण्याची रीत पिअर्सन यांनी १९०१ मध्ये व हॉटेलिंग यांनी १९३३ मध्ये मांडली होती. कोसंबींनी ती कल्पना अखंड वक्रांपर्यंत नेली. त्याच दशकात फिनलंडचे कारहुनेन व फ्रान्सचे लोएव्ह यांनीही स्वतंत्रपणे हाच सिद्धांत मांडला. जगभर तो दीर्घकाळ त्या दोघांच्या नावे ओळखला गेला. आता अनेक ग्रंथांत कोसंबींचे नाव आरंभी जोडले जाते.

सिद्धांताचा आशय आपल्या किनाऱ्यावरून समजावून घेता येईल. बाणकोट, दाभोळ, जयगड, रत्नागिरी व विजयदुर्ग येथे पाण्याची पातळी दर मिनिटाला नोंदविली, तर पाच वेडेवाकडे वक्र मिळतील. या पाचांत समाईक असणारा सर्वांत मोठा चढउतार कोणता, असा प्रश्न गणिताला विचारला की पहिले उत्तर येईल भरती-ओहोटीचे. ते वजा करून उरलेल्यात पुन्हा तोच प्रश्न विचारला, तर कदाचित वाऱ्याने रेटलेल्या पाण्याचे उत्तर येईल. अशा रीतीने परस्परांशी सहसंबंध नसलेले घटक मोठ्याकडून लहानाकडे सुटे होत जातात. विशेष म्हणजे भरतीचे वेळापत्रक गणिताला आधी सांगावे लागत नाही. नोंदीच ते उघड करतात.

मेंदूच्या प्रतिमांत हीच रीत वापरतात. मेंदूच्या पोकळ्यांतील द्रवात मज्जापेशी नसतात आणि श्वेतभागात कार्याचा संकेत अत्यल्प असतो. तेथे जे चढउतार आढळतात ते प्रामुख्याने श्वास, नाडी व हालचाल यांचे. त्यांचे विघटन करून मुख्य घटक काढायचे आणि ते संपूर्ण मेंदूच्या नोंदींतून वजा करायचे, ही पद्धती २००७ पासून रूढ झाली आहे. नाडीची स्वतंत्र नोंद घेतली नसेल तेव्हा ती विशेष उपयोगी पडते.

तथापि तिची मर्यादाही सांगितली पाहिजे. हे विघटन घटकांचा क्रम आकारमानाने लावते, महत्त्वाने नव्हे. सर्वांत मोठी लाट म्हणजे सत्य, असे ते म्हणत नाही. आणि प्रत्येक शब्द आठवताना रुग्ण मान किंचित हलवीत असेल, तर हालचाल व स्मरण या दोन लाटा एकाच तालावर येतात. मग गोंगाट काढावा तर संकेतही जातो, आणि संकेत राखावा तर गोंगाटही राहतो. ही गाठ कोणत्याही गणिताने पूर्णतः सुटत नाही. प्रयोगाची आखणीच नीट करावी लागते.

मृत माशाचा मेंदू

चाळण्या उत्तम असूनही शेवटची पायरी चुकली तर सर्व व्यर्थ होते. मेंदूत एक लक्ष ठोकळे आहेत असे धरू. प्रत्येकासाठी 'येथे कार्य आहे काय?' हा प्रश्न स्वतंत्रपणे विचारला जातो. निव्वळ योगायोगाने हजारांत एकदाच चुकेल अशी कसोटी लावली, तरी कोठेही कार्य नसताना सुमारे शंभर ठोकळे तांबडे होतील.

हे दाखविण्यासाठी अमेरिकेतील क्रेग बेनेट व सहकाऱ्यांनी २००९ मध्ये एक मृत सामन मासा यंत्रात ठेवला. आपल्या रावसाला इंग्रजीत 'भारतीय सामन' म्हणतात, पण हा मासा त्याहून भिन्न, अटलांटिक जातीचा. त्याला माणसांची छायाचित्रे दाखविण्यात आली व त्यांतील भावना ओळखण्यास सांगण्यात आले. अनेक प्रश्न एकदम विचारल्याची दुरुस्ती न करता गणित केले, तेव्हा मृत माशाच्या मेंदूत 'कार्यरत' ठिपके आढळले. दुरुस्ती करताच ते नाहीसे झाले. सर्वांत कडक दुरुस्तीत एक लक्ष ठोकळ्यांसाठी प्रत्येकाची कसोटी वीस लाखांत एक इतकी कठोर करावी लागते. तीत खरे ठिपकेही गळतात, म्हणून मध्यम मार्गाच्या अन्य रीती वापरतात.

त्या रीतीही निर्दोष नाहीत. एक्लुंड, निकोल्स व क्नुट्‌सन यांनी २०१६ मध्ये दाखविले की ठिपक्यांच्या समूहावर आधारित काही प्रचलित पद्धतींत, पाच टक्के अपेक्षित असलेली चूक विशिष्ट परिस्थितीत सत्तर टक्क्यांपर्यंत जाते. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात सत्तर संशोधकगटांना एकच माहितीसंच व तेच नऊ प्रश्न देण्यात आले. कोणत्याही दोन गटांनी चाळण्यांचा तंतोतंत सारखा क्रम वापरला नाही आणि कित्येक प्रश्नांवर त्यांचे निष्कर्ष भिन्न आले.

या पद्धतीची उपयुक्तता यामुळे नष्ट होत नाही. मेंदूतील गाठ काढण्यापूर्वी त्या रुग्णाची वाणीची व हातापायांच्या हालचालींची केंद्रे कोठे आहेत, हे जाणण्यास ती शल्यचिकित्सकांना साह्य करते. तेथे प्रश्न नेमका असतो, संकेत बळकट असतो आणि उत्तराची अन्य मार्गांनी पडताळणी होऊ शकते.

न्यायालयातील एक प्रकरण

गोंगाटातून काढलेल्या अनुमानाला प्रत्यक्षाचा मान दिल्यास काय घडते, याचे उदाहरण महाराष्ट्रातच आहे. जून २००८ मध्ये पुण्याच्या सत्र न्यायालयाने एका खून खटल्यात दिलेल्या निकालात आरोपीच्या मेंदूतील विद्युत्-लहरींच्या चाचणीचा अहवाल पुराव्यांपैकी एक म्हणून विचारात घेतला होता. डोक्यावर विद्युदग्रे लावून, गुन्ह्यासंबंधीची वाक्ये ऐकवून, व्यक्तीला त्या घटनेचा 'स्वानुभव' आहे काय, हे ठरविण्याचा त्या चाचणीचा दावा होता. ती चुंबकीय प्रतिमा नव्हती, पण प्रश्न तोच : अतिसूक्ष्म लहरी, भोवती गोंगाट आणि मधली गणिती चाळणी. या प्रकरणाची जगभर चर्चा झाली व चाचणीच्या शास्त्रीय पायाविषयी गंभीर शंका व्यक्त झाल्या. पुढे ५ मे २०१० रोजी सर्वोच्च न्यायालयाने सेल्वी विरुद्ध कर्नाटक राज्य या निकालात, अशा चाचण्या व्यक्तीच्या संमतीविना करता येणार नाहीत असा निर्णय दिला.

आपल्या व्यवसायासाठी बोध

मंडूकपर्णी, यष्टीमधु, गुडूची व शंखपुष्पी ही चरकोक्त मेध्य रसायने आपल्या नित्य वापरात आहेत. त्यांचे मोल रंगीत ठिपक्यावर अवलंबून नाही. औषधाने स्मृती सुधारते असे म्हणायचे असेल, तर स्मृतीच मोजणे हा सरळ मार्ग होय. ऑस्ट्रेलियात ब्राह्मीवर झालेल्या व २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत, चाळीस ते पासष्ट वयाच्या ७६ व्यक्तींना तीन महिने ब्राह्मी किंवा तिच्यासारखीच दिसणारी निष्क्रिय गोळी देण्यात आली. नव्याने शिकलेले स्मरणात टिकण्यात ब्राह्मी घेणाऱ्यांत फरक आढळला. शिकण्याच्या वेगात मात्र आढळला नाही. कागद-पेन्सिलीने करता येणाऱ्या अशा परीक्षा त्या चित्राहून अधिक बोलक्या असतात आणि त्या 'नाही' असेही उत्तर देतात.

यास्तव मेंदूच्या प्रतिमा असलेले पत्रक हाती आल्यास पुढील प्रश्न कंपनीच्या प्रतिनिधीस विचारावेत, असे आम्ही सुचवितो.

१. प्रतिमा एका व्यक्तीची आहे की अनेकांची सरासरी? किती जणांची?
२. औषध न घेतलेल्या, निष्क्रिय गोळी घेणाऱ्या गटाची प्रतिमाही घेतली होती काय? दुसऱ्या खेपेस यंत्राची भीती कमी झाल्यानेही मेंदूचा प्रतिसाद बदलतो.
३. हालचाल, श्वास व नाडी यांचा गोंगाट कोणत्या रीतीने काढला?
४. अनेक ठोकळ्यांची एकदम परीक्षा केल्याची दुरुस्ती केली आहे काय?
५. कोणत्या भागात फरक पाहायचा हे आधी ठरले होते, की ठिपका दिसल्यावर?
६. प्रतिमेतील बदलासोबत रुग्णाच्या स्मृतीत वा लक्षणांत काही बदल मोजला गेला काय?

औषधविक्रेत्यांनी कायद्याची बाजूही ध्यानी घ्यावी. औषधे व जादूटोणादी उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) अधिनियम, १९५४ च्या अनुसूचीत मेंदूचे रोग व विकार तसेच अपस्मार यांचा समावेश आहे, आणि परिपत्रक, लेबल व वेष्टन हेही जाहिरातीच्या व्याख्येत येतात. विहित रीतीने केवळ नोंदणीकृत वैद्यकास गोपनीयपणे पाठविलेली माहिती अपवादात मोडते. तेच पत्रक ग्राहकांसाठी काउंटरवर ठेवले की तो अपवाद उरत नाही.

रुग्णाने चित्र दाखविलेच, तर त्याची थट्टा न करता त्यास सांगावे की हे छायाचित्र नाही, हा हिशेब आहे. हिशेब ज्याने केला त्याने तो उघड करून दाखवावा. त्याच वेळी त्याच्या चालू औषधांची चौकशी करावी आणि चित्राच्या भरवशावर त्याने काही बंद केले नाही ना, याची खात्री करून घ्यावी. वरील प्रश्नांची समाधानकारक उत्तरे घेऊन एखादी औषधनिर्मिती संस्था पुढे आली, तर तिच्या कार्याचे आपण मनःपूर्वक स्वागतच केले पाहिजे.